इंदूरच्या हवेत टॅरंट्युला निरोगी कसा ठेवावा

पाळलेला टॅरंट्युला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, उपासमारीने सहसा मरत नाही. पूर्ण वाढलेली मादी महिना-दोन महिने काही न खाता सहज काढते. घरात कोळी दगावतात ते बहुतेक चार कारणांनी: उंचावरून पडून, पाण्याविना, कोंदट पेटीत, किंवा घरात मारलेल्या कीटकनाशकाने. ही चारही कारणं टाळता येण्यासारखी आहेत, म्हणून या लेखात जास्त जागा त्यांनाच दिली आहे.

इंदूरची हवा यात आपली भर घालते. एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या वर आणि हवा अगदी कोरडी. मग जूनच्या मध्यानंतर तीच हवा इतकी दमट होते की कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. पाळण्याविषयीची बरीचशी माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते आणि तिचा भर पेटी गरम ठेवण्यावर असतो. आपल्याकडे हीट मॅट आणि गरम दिवा दोन्ही विकत घेऊ नका. इथे वर्षातले आठ महिने प्रश्न उष्णतेचा आणि ओलाव्याचा असतो.

कोणता कोळी घ्यावा

सुरुवात अमेरिका खंडातल्या, जमिनीवर राहणाऱ्या जातीने करावी. ग्रॅमोस्टोला पुल्क्रिपेस (चाको गोल्डन नी), ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस (कर्ली हेअर) आणि ब्रॅकिपेल्मा हॅमोरी (मेक्सिकन रेड नी) या तिन्ही जाती संथ आहेत. थोडी चूकभूल झाली तरी तग धरतात. यांच्या माद्या १५ ते २० वर्षं सहज जगतात, काही त्याहून जास्त. नर मात्र वयात आला की फार टिकत नाही. म्हणून घेताना मादी असल्याची खात्री मिळत असेल तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही.

आशिया आणि आफ्रिकेतल्या जाती पहिल्यांदा घेऊ नयेत. त्या फार चपळ असतात. त्यांच्या पोटावर शत्रूवर उडवायचे बोचरे केस नसल्याने त्या सरळ चावतात आणि विषही जास्त तीव्र असतं. भारत आणि श्रीलंकेतल्या पोईसिलोथेरिया वंशातला कोळी चावला तर स्नायूंना जोराच्या कळा येतात आणि त्या काही दिवस पुन्हापुन्हा उठू शकतात.

कायद्याकडे डोळेझाक करू नका. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या कराराच्या) परिशिष्टांत असलेल्या परदेशी जातींचा जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची आहे. ब्रॅकिपेल्मा आणि पोईसिलोथेरिया हे दोन्ही वंश पूर्णच्या पूर्ण परिशिष्ट २ मध्ये आहेत. विक्रेत्याकडून शास्त्रीय नावासह बिल घ्या आणि ते नाव यादीत स्वतः तपासा. जंगलातून, इंदूरजवळच्या चोरल-पातालपाणीच्या ओढ्याकाठच्या बिळातून कोळी उकरून आणणं तर अजिबात नको. बंदिस्त जागेत पैदा झालेलं पिल्लू मिळत नसेल तर मिळेपर्यंत थांबा.

पेटी

कोळ्याच्या पायांचा पसारा मोजा: पुढच्या पायाच्या टोकापासून तिरपं मागच्या पायाच्या टोकापर्यंत. पेटीची लांबी या पसाऱ्याच्या तिप्पट आणि रुंदी दुप्पट हवी. म्हणजे १२ सेंमी पसाऱ्याच्या मादीला साधारण ३६ × २४ सेंमी तळाची पेटी पुरते. सगळ्यात महत्त्वाचं माप उंचीचं आहे. मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंत पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त अंतर नको. जमिनीवरच्या टॅरंट्युलाचं पोट पातळ कातडीच्या भरलेल्या पिशवीसारखं असतं. फुटभरावरून दगडावर आदळलं तर ते फाटतं आणि मग काही करता येत नाही. पेटी उंच मिळाली असेल तर माती वाढवून उंची कमी करा. टोकदार दगड आणि काचेचे शोभेचे खडे काढून टाका.

झाकणाला तारेची किंवा नायलॉनची जाळी नको. पायांच्या टोकाच्या नख्या जाळीत अडकतात, कोळी लोंबकळतो आणि पाय तुटतो. अ‍ॅक्रिलिकचं भोकं पाडलेलं झाकण उत्तम. प्लास्टिकचा पारदर्शक डबाही चालतो. त्याला सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडा, आतली धार घासून घ्या आणि डबा धुऊन एक दिवस उघडा ठेवा, म्हणजे जळक्या प्लास्टिकचा वास जाईल. अ‍ॅक्रिलिकला ड्रिल मारताना हळू मारा, घाई केली की तडकतं. मोठ्या कोळ्यासाठी २ मिमी, पिल्लासाठी जेमतेम १ मिमीची भोकं. कोळ्याच्या डोके-छातीचा कठीण भाग जिथून जातो तिथून अख्खा कोळी जातो, हे भोकाचा आकार ठरवताना लक्षात असू द्या.

भोकं फक्त झाकणाला पाडली तर हवा आतच कोंडते. समोरासमोरच्या दोन भिंतींना, एका बाजूला मातीच्या जरा वर आणि दुसऱ्या बाजूला झाकणाजवळ, अशी २०-२५ भोकं पाडा. या वरखाली रचनेमुळे हवा आपोआप खेळते. पावसाळ्यात पेटी वाचते ती या भोकांमुळेच.

माती आणि ओलावा

नर्सरीत मिळणारं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सगळ्यात सोयीचं. ६५० ग्रॅमच्या विटेला साधारण ४ लिटर पाणी लागतं आणि फुलून ८ लिटरच्या आसपास माती होते. खत किंवा औषध मिसळलेलं पाकीट घेऊ नका. बागेसाठी तयार मिळणाऱ्या मिश्रणात निंबोळी पेंड हमखास असते, ते तर नकोच. कोकोपीट दोनदा धुऊन, पिळून, गच्चीवर कडक उन्हात दोन दिवस वाळवा. त्याने क्षार निघतात आणि बारीक किडेही मरतात.

पेटीत किमान १० सेंमी थर द्या आणि दर दोन-तीन सेंमीला तळहाताने घट्ट दाबत चला. भुसभुशीत मातीत बीळ ढासळतं. शिवाय अशी माती पायाखाली सरकते म्हणून कोळी भिंतीला चिकटून बसतो. नव्या पेटीत कोळी सतत भिंतीवर चढलेला दिसला तर माती बहुतेक वेळा फार ओली किंवा फार सैल असते. लपायला एका बाजूला नारळाची अर्धी करवंटी किंवा आडवी कापलेली छोटी कुंडी अर्धी मातीत पुरा, म्हणजे पुढचं खोदकाम कोळी आपलं आपण करतो.

वर सांगितलेल्या तिन्ही जातींना पेटीचा एक कोपरा ओलसर आणि बाकीचा भाग कोरडा हवा. ओलाव्याची परीक्षा सोपी आहे: खालची माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळू नये. पाणी देताना वरून फवारा मारू नका. फवाऱ्याने वरचा थर भिजतो, तो मेच्या हवेत दोन तासांत सुकतो आणि अंगावर पाणी पडल्याने कोळी बिथरतो. त्यापेक्षा एका कोपऱ्यात पेटीच्या भिंतीलगत पाणी हळूहळू सोडा, म्हणजे ते तळाशी जाऊन मुरतं आणि वर चढत राहतं.

किती आणि केव्हा, हे ऋतूवर ठरतं. मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत १०-१२ दिवसांतून एकदा कोपरा भिजवा. जून अखेर ते सप्टेंबर बहुतेक काही घालू नका, वाटी भरलेली ठेवा, एवढंच. ऑक्टोबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा पुरे. स्वस्त हायग्रोमीटरचा (दमटपणा मोजायच्या यंत्राचा) आकडा फारसा विश्वासाचा नसतो. काचेतून दिसणारा मातीचा रंग पाहा: ओली माती गडद, कोरडी फिकट. खालचा एक तृतीयांश थर गडद असेल तर काही करायची गरज नाही.

पाण्याची वाटी

वाटी कायम भरलेली. वाळवंटातून आलेली जात असली तरी. १ ते दीड सेंमी खोल, पसरट, जड वाटी घ्या. चिनी मातीची छोटी बशी चालते. स्पंज किंवा कापूस आत ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्यात जंतू वाढतात आणि कोळ्याला पाणी ओढता येत नाही. कोळी वाटीत बुडत नाही. पिल्लाला बाटलीचं झाकण द्या. अगदी इवल्या, १ सेंमीहून लहान पिल्लाला भिंतीवर दोन-तीन थेंब आणि कोपऱ्यातला ओलावा पुरतो.

नळाला येणारं नर्मदेचं पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून वापरा, क्लोरीन उडून जातं. बोअरिंगचं पाणी जड असतं आणि वाटीवर पांढरा थर धरतो; घरात आरओ असेल तर त्याचं द्या. आठवड्यातून एकदा वाटी साबणाशिवाय गरम पाण्याने घासा. कोळी वाटीत माती टाकतो, कधी वाटी जाळ्याने झाकतो, तर कधी सरळ उलटी करतो. साफ करायची, भरायची आणि परत ठेवायची.

मे महिना

२२ ते ३० अंश हा या जातींना सुखाचा पट्टा. ३२-३३ पर्यंत पाणी असेल तर निभतं. ३५ च्या वर पेटी तासन्‌तास राहिली तर जिवाला धोका. गच्चीखालच्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीला लागून किंवा कपाटावर ठेवलेली पेटी दुपारी सहज ३७-३८ वर जाते. त्याच घरात आतल्या खोलीत, फरशीवर, पूर्वेच्या किंवा मधल्या भिंतीशी तीन-चार अंश कमी असतात. मेमध्ये पेटी खाली उतरवा. फरशीवर मुंग्या असतील तर चार पायांच्या स्टुलावर ठेवून पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा.

कूलर असलेल्या खोलीत पेटी ठेवायला हरकत नाही, पण झोत थेट पेटीवर नको. कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्यांसाठी औषध टाकलेलं असेल तर त्या खोलीत कोळी नकोच. दुपारी वीज गेली की एक लिटरची गोठवलेली पाण्याची बाटली जुन्या पंच्यात गुंडाळून पेटीशेजारी ठेवा आणि दोन्हींवर थर्माकोलचं खोकं उपडं घाला. हवेसाठी एक कडा बोटभर उचललेली ठेवा. बाटली पेटीला चिकटवू नका आणि पेटीच्या आत तर मुळीच नको. पेटीवर ऊन एक मिनिटही पडता कामा नये. प्लास्टिकच्या बंद डब्यात उन्हाने तापमान बघता बघता चढतं.

थंडीचं फार वाटून घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत बाहेर रात्री ८-१० अंश असले तरी बंद खोलीत १६-१८ राहतात आणि या तिन्ही जाती ते सोसतात. खिडकीपासून लांब ठेवा, खाणं कमी करा, बस्स.

घरातलं विष

इथे घरच्या सगळ्यांना सामील करून घ्यावं लागतं. डासांची कॉइल, प्लगमध्ये लावायचं लिक्विड, झुरळांचा स्प्रे, मुंग्यांचा खडू: या सगळ्यांत बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती कीटकांच्या मज्जासंस्थेवर काम करतात आणि कोळ्याची मज्जासंस्था त्याच धर्तीची आहे. कोळ्याच्या खोलीत यांतलं काहीही चालणार नाही. तिथे मच्छरदाणी लावा. धूप, लोबान, अगरबत्ती देवघरापुरतीच ठेवा.

डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धुराची गाडी येते. आवाज आला की खिडक्या बंद करून पेटी आतल्या खोलीत न्या आणि बाहेरचा वास पूर्ण जाईपर्यंत खिडक्या उघडू नका. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर कोळी महिनाभर दुसऱ्या घरी हलवा. वास गेला म्हणजे औषध गेलं असं होत नाही, ते फरशीवर आणि फटींत राहतं. कुत्र्यामांजरांच्या पिसवांचं औषध लावलेल्या हाताने वाटी भरू नका. रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) खेळून आल्यावरही हात आणि कोपरापर्यंतचा भाग नीट धुऊनच पेटी उघडा.

विषबाधेची लक्षणं: पाय झटक्याझटक्याने हलणं, चालताना तोल जाणं, उलटं पडणं, अंगावर ताबा नसल्यासारखं थरथरणं. यावर औषध नाही. ताबडतोब ताज्या हवेच्या खोलीत, नव्या डब्यात, नव्या कोकोपीटवर हलवा, पाणी द्या, अंधार करा. थोडी बाधा असेल तर कधीकधी पुढची कात टाकून कोळी सावरतो.

खाणं

ड्युबिया झुरळं, रातकिडे आणि मीलवर्म हे पैदास केलेलं खाद्य द्या. भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा मोठं नको. मोठ्या कोळ्याला १०-१४ दिवसांतून एक, अर्धवाढीच्याला आठवड्यातून एक, पिल्लाला आठवड्यातून दोनदा. अगदी लहान पिल्लाला मीलवर्मचा ताजा तुकडा किंवा डोकं चेपलेलं भक्ष्य ठेवा, ते येऊन शोषून घेतं. मीलवर्मचं डोकं चेपूनच द्या, नाहीतर तो मातीत शिरतो.

घरातली झुरळं आणि शेतातले नाकतोडे देऊ नका. माळव्यात सोयाबीनवर पावसाळाभर फवारण्या होतात, त्या शेतातला टोळ म्हणजे कोळ्याला विषाचा घास. २४ तासांत न खाल्लेलं जिवंत भक्ष्य लांब चिमट्याने काढा. खाऊन उरलेला चोथाही काढा. कुजकं राहिलं की पांढरे पिठ्या माइट आणि बारीक माश्या त्यावरच वाढतात. पोट डोके-छातीच्या कठीण भागाच्या दीडपटीहून मोठं दिसलं तर दोन-तीन आठवडे खाणं बंद. लठ्ठ कोळी पडला तर लवकर फाटतो.

कात टाकणं

नव्या माणसाचा जीव सगळ्यात जास्त इथे टांगणीला लागतो. कात टाकण्याआधी कोळी खाणं सोडतो, मंदावतो, बिळाचं तोंड माती आणि जाळ्याने बंद करतो. बोचरे केस झडून पोटावर टक्कल पडलेलं असेल तर तिथली कातडी आधी फिकट असते, मग गडद काळसर होते, कारण आत नवे केस तयार झालेले असतात. ही खूण दिसली की भक्ष्य टाकू नका, वाटी भरा, ओला कोपरा जरा जास्त ओला करा.

मग एके दिवशी कोळी पाठीवर, पाय वर करून पडलेला दिसतो. तो मेलेला नसतो. मरणारा कोळी पाय पोटाखाली आखडून उभ्या अंगाने बसतो. कात टाकणारा उताणा असतो आणि पाय सैल पसरलेले असतात. हात लावू नका, उलटवू नका, फुंकर मारू नका, पेटी हलवू नका. पिल्लाचं अर्ध्या तासात उरकतं, मोठ्या मादीला पाच-सहा तास किंवा त्याहून जास्त लागतात. आधी डोके-छातीवरचं झाकण कडेने सुटतं, मग पाय हातमोज्यातून निघावेत तसे जोर लावत लावत बाहेर येतात.

बाहेर आल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर होतात, शेवटी काळे. काळे होईपर्यंत खायला काहीही देऊ नका. मऊ अंगाच्या कोळ्याला रातकिडाही कुरतडून मारू शकतो. पिल्लाला ४-५ दिवस, अर्धवाढीच्याला ८-१० दिवस, मोठ्याला दोन आठवडे थांबा.

टाकलेली कात वाळण्याआधी चिमट्याने काढा. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ती तासभर भिजवा आणि पोटाची आतली बाजू ब्रशने हळूच पसरवा. आत चार पांढरट चौकोनी चकत्या दिसतात, त्या पुस्तक-फुप्फुसांच्या, म्हणजे कोळ्याच्या पानापानांच्या फुप्फुसांच्या. पुढच्या दोन चकत्यांच्या मध्ये छोटी पडद्यासारखी घडी दिसली तर मादी. तिथे सपाट असेल तर बहुतेक नर. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून पाहा. पसारा ४-५ सेंमीच्या पुढे गेल्यावर हे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं.

कातीत पाय अडकला तर २४ तास तसंच राहू द्या आणि पेटीत ओलावा वाढवा. मग मऊ ओल्या ब्रशने फक्त कातीवर पाणी लावा, ओढू नका. अडकलेला पाय बऱ्याचदा कोळी स्वतःच तोडून टाकतो आणि पुढच्या एक-दोन कातींत नवा उगवतो.

आजार ओळखणं

पाय पोटाखाली आखडले आणि पोट सुकून सुरकुतलं तर पहिला संशय पाण्यावर. कोळ्याच्या पायातले काही सांधे सरळ करायला स्नायू नसतात. अंगातल्या द्रवाच्या दाबाने पाय लांब होतात. द्रव कमी झाला की पाय मिटतात. अशा कोळ्याला पसरट बशीच्या कडेवर असं बसवा की सुळ्यांमधलं तोंड पाण्याला लागेल आणि पोट मात्र पाण्याबाहेर राहील, कारण श्वास घ्यायच्या फटी पोटाच्या खाली असतात. वेळेत लक्ष गेलं तर काही तासांत पाय उलगडतात. ओल्या टिश्यूच्या बंद डब्यात कोंडून ठेवायची जुनी पद्धत सोडून द्या, त्यात श्वासाला हवाच मिळत नाही.

पाय किंवा सांध्याला जखम होऊन निळसर पांढरं रक्त येत असेल तर त्यावर कोरडं कॉर्नफ्लोअर ब्रशने दाबा. तोंडाभोवती पांढरा चिकट पदार्थ, आंबूस घाण वास आणि खाणं बंद, ही सूत्रकृमींची लक्षणं. तो कोळी ताबडतोब दुसऱ्या खोलीत हलवा. त्याचा चिमटा, वाटी, माती दुसऱ्या पेटीला लावू नका. यातून कोळी सहसा वाचत नाही, बाकीचे वाचवायचे असतात. माइट दिसले तर सगळी माती बदला, पेटी उकळत्या पाण्याने धुवा आणि नवी माती थोडी कोरडीच ठेवा.

वयात आलेला नर खाणं सोडून रात्रभर पेटीत फेऱ्या मारतो. तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांची टोकं बॉक्सिंगच्या मोज्यासारखी फुगलेली दिसतील. तो आजारी नाही, मादी शोधतोय.

हाताळणी आणि पेटी बदलणं

टॅरंट्युला हातावर घेऊ नका. त्याला त्यातून काही मिळत नाही आणि एक दचक पुरते पडायला. पेटी बदलताना बाथरूमचं दार लावा, मोरीची जाळी कापडाने बंद करा आणि फरशीवर बसून काम करा. कोळ्यावर पारदर्शक डबा उपडा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा. मागून मऊ ब्रशने मागच्या पायांना स्पर्श केला की तो पुढे सरकतो.

अमेरिकी जाती मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. पेटीवर तोंड नेऊ नका, चष्मा घाला. कातडीवर केस लागले तर चोळू नका, सेलोटेप चिकटवून उचला आणि गार पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर डोळा चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुऊन त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि कोळ्याचे केस गेल्याचं स्पष्ट सांगा. हे केस बुबुळात रुतून राहतात.

दिवाळीत गावी जायचं असेल तर मोठ्या कोळ्याला आठ-दहा दिवस एकटं सोडता येतं. दोन वाट्या भरून ठेवा, खाद्य देऊ नका. फटाक्यांच्या धुरामुळे पेटी रस्त्याकडच्या खोलीत नको. पिल्लं असतील तर शेजारच्या काकूंना फक्त एवढंच सांगून जा: चार दिवसांनी पेटीतल्या बाटलीच्या झाकणात पाणी घाला, आणि या खोलीत कॉइल लावू नका.